दिघोरीतलं प्रश्नचिन्ह

दिघोरी या नावात प्रश्नचिन्ह कुठे येतं, असं कोणी विचारलं तर गावातला दुसरीतला पोरगासुद्धा हसेल. भंडारा जिल्ह्यातल्या, लाखांदूर तालुक्यातल्या या गावात एका कार्यालयात बसणारा ऑपरेटर मात्र हसणार नाही. तो मॉनिटरवरची नजर न हलवता सांगेल, "तिसऱ्या जागेवर. एफ, एन, प्रश्नचिन्ह, के, के, एस, जे, एच." हे त्याने पाठ केलेलं नाही. गेली काही वर्षं तो आपल्या गावाचं नाव असंच वाचत आला आहे.

प्रकार साधा आहे. वरून पेनड्राइव्हमध्ये एक पत्र येतं. पत्र कृतिदेव नावाच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. इथल्या नव्या संगणकावर कृतिदेव टाकलेला नसतो. मग संगणक बिचारा आपल्याला जे कळतं ते दाखवतो, म्हणजे इंग्रजी अक्षरं. कारण कृतिदेवात मराठी अशी नसतेच. आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यांना देवनागरीचे मुखवटे चढवलेले असतात. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर जी कळ जिथे होती ती तिथेच राहावी म्हणून केलेली ही सोय आहे. तिथे वेलांटी आधी मारायची आणि अक्षर मागून, म्हणून पहिला एफ ही ‘दि’ची वेलांटी आणि एन हा द. घ हे अक्षर प्रश्नचिन्हाच्या कळीवर बसलेलं. त्याच्या मागचा पहिला के म्हणजे घचा दांडा, दुसरा के म्हणजे काना आणि एस म्हणजे त्यावरची मात्रा. जे हा र, एच ही दीर्घ वेलांटी. झाली दिघोरी. भंडारा त्या मानाने सरळ गाव: एच, के, ए, एम, के, जे, के. तिथे प्रश्नचिन्ह नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाला प्रश्न पडत नाहीत, ते गावांना पडतात, असं ऑपरेटरचं मत आहे. पण तो ते साहेब दौऱ्यावर असतानाच मांडतो.

कार्यालय कोणतं ते विचारू नये. ऑपरेटरने कपभर चहा पाजून तेवढं एकच वचन घेतलं आहे. सरकारी भाषेत अशा माणसाला ‘संगणक परिचालक’ म्हणतात आणि राज्यातल्या ग्रामपंचायतींत हे पद २०११ च्या सुमाराला ‘संग्राम’ योजनेतून आलं. संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, त्याचं लघुरूप संग्राम. ज्याने कोणी हे नाव शोधलं त्याला आपण किती खरं बोलतो आहोत याची कल्पना नसावी. पुढे योजनेचं नाव बदलून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ झालं. आपला ऑपरेटर त्यातला आहे की दुसऱ्या कुठल्या कचेरीतला, हेही गुलदस्त्यात. गावाला त्याने फरक पडत नाही. ज्याच्यासमोर कीबोर्ड, तो ऑपरेटर भाऊ.

कार्यालयात त्याच्याशिवाय मोठे बाबू आहेत. मोठ्या बाबूंनी मराठीची तीस शब्दांची परीक्षा लोखंडी टाइपरायटरवर दिलेली आहे आणि अजूनही ते कळ अशी हाणतात की टेबलावरचा पेपरवेट सरकतो. ऑपरेटरला ते "पोरा" म्हणतात, रागावले की "साहेब" म्हणतात. ऑपरेटर त्यांना "बाबूजी" म्हणतो. युनिकोड त्यांना मान्य नाही. "आधी अक्षर आन् मंग वेलांटी? असा कुठी रायते का जी?" हा त्यांचा आक्षेप, आणि खरं सांगायचं तर ऑपरेटरला आजवर त्यावर उत्तर सुचलेलं नाही.

तर एकदा असं ठरलं की मोठ्या बाबूंच्या संगणकावर एक प्रोग्रॅम टाकायचा. दिघोरीत सॉफ्टवेअर ‘टाकतात’. धानाचे पऱ्हे टाकतात, बंडीत पोती टाकतात, तसंच. इन्स्टॉल वगैरे शब्द फोनवर बोलताना वापरायचे.

त्याआधी अर्थातच ‘इंजिनियरला’ फोन झाला. इंजिनियर म्हणजे पुरवठादाराचा माणूस. तो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला दिघोरीत पोचल्याचं त्याने कळवलं. साडेदहाला कार्यालयाच्या दारात कोणी नव्हतं. "नाक्यावर उभा आहे, समोर उमरेड रोड आहे," तो म्हणाला. ऑपरेटरने कपाळाला हात लावला. नागपुरातही एक दिघोरी आहे, उमरेड रस्त्यावरची, आणि नकाशात नुसतं ‘दिघोरी’ लिहिलं की आधी तीच येते. इंजिनियर तिथून तसाच परत गेला. उरलेलं काम फोनवर, म्हणजे ‘रिमोट’वर करायचं ठरलं.

मराठी संगणकाच्या इतिहासात फॉन्टचा अध्याय एवढा मोठा आहे की त्याची एक बखर व्हावी. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली. कानपूरच्या आयआयटीत रुजलेलं जिस्ट तंत्रज्ञान तिथे वाढलं आणि एके काळी संगणकात चक्क एक वेगळं कार्ड बसवून पडद्यावर देवनागरी उमटवली जायची. मग १९९१ मध्ये भारतीय लिप्यांचं ‘इस्की’ हे प्रमाणक आलं. त्याच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून युनिकोडने आपला देवनागरीचा तक्ता बेतला. कागदावर मराठीचा प्रश्न तिथेच सुटला होता. दिघोरीसारख्या गावात तो सुटायला पुढे पाव शतकसुद्धा पुरलं नाही. आयएसएम, श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव: प्रत्येक कार्यालयाची आपली कुळदेवता. जिल्ह्याला एक, तालुक्याला दुसरी, छापखान्यात तिसरी. एकाची फाईल दुसऱ्याकडे गेली की तिची इंग्रजी अक्षरं, नाहीतर चौकोन व्हायचे. अशा चौकोनांना इंग्रजीत टोफू म्हणतात. ऑपरेटर त्यांना "डबे" म्हणतो. "बाबूजी, डबे येऊन राह्यले." "भरलेले का रिकामे?" "रिकामे." "मंग सरकारचेच."

विंडोज एक्सपीच्या काळातली मौज तर नव्या पोरांना सांगितली तरी पटत नाही. त्या संगणकात मराठी होती, पण झोपलेली होती. तिला उठवायला कंट्रोल पॅनेलमध्ये भाषेच्या खिडकीत जाऊन एका चौकोनात बरोबरची खूण करावी लागे. त्या खुणेपुढे लिहिलेलं असे की गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहायच्या भाषांच्या फाईली टाका, थाईसकट. मराठीचं नाव त्यात नाही. म्हणजे दिघोरीतल्या माणसाने आपली भाषा शोधायला अरबी आणि थाई यांच्या मागे रांगेत उभं राहायचं. खूण केली की संगणक मूळ सीडी मागायचा. ती सीडी दुकानदाराकडे, दुकानदार साकोलीत, आणि त्याने ती आणखी कोणाला तरी दिलेली. तोवर खूण केलेली आणि मराठी झोपलेली. या एका सीडीपायी महाराष्ट्रातल्या किती कार्यालयांनी कृतिदेव धरून ठेवला असेल याचा कोणी हिशेब केलेला नाही, करायला हवा.

आणि मग मराठी जागी झाली, तर कळलं की तिला अर्धा र म्हणता येत नाही.

हे परगावच्या वाचकाला किरकोळ वाटेल. भंडारा जिल्ह्यात ते किरकोळ नाही. धानाच्या रोपांना इथे पऱ्हे म्हणतात. शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि भांडण नेहमी धुऱ्यावर होतं. अर्ज शेतकऱ्याचा असतो. आणि तो अर्ज जायचा असतो भंडाऱ्याला. हा जिल्हा नुसता उभा असेपर्यंत ठीक. त्याला विभक्ती लागली की चंद्रकोरीसारखा तो अर्धा र आलाच. हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या कैक फॉन्टांत आणि प्रोग्रॅमांत तो धड उमटत नसे. ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ व्हायचं. रफार य च्या डोक्यावर जाऊन बसायचा, आणि साऱ्या महाराष्ट्राचा बळीराजा ‘सूर्य’, ‘कार्य’ यांच्या संस्कृत पंगतीत जेवायला बसायचा.

युनिकोडने यावर काढलेला तोडगा ऐकण्यासारखा आहे. त्यांच्या तक्त्यात खाली टिंब असलेला एक र आहे. तो ठेवलाय द्राविडी भाषांतला वेगळा र देवनागरीत दाखवता यावा म्हणून. त्याचाच पाय मोडला की मराठीचा अर्धा र मिळतो. म्हणजे दिघोरीचा शेतकरी संगणकात शिरतो तो दक्षिणेकडून उसनं अक्षर घेऊन. दुसरी वाट म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. त्यामुळे आडनावात असा र असलेला माणूस यादीत शोधला तर सापडत नाही, नवा टाकला तर दोनदा दिसतो. एका गृहस्थाने ऑपरेटरसमोर आधारकार्ड आपटून विचारलं होतं, "मी हावो का नाई?" ऑपरेटरने प्रामाणिकपणे सांगितलं, "दोन आहात जी."

असो. प्रोग्रॅम टाकायचा होता.

पहिल्या दिवशी संगणकाने डॉट नेट मागितलं. जुन्या पद्धतीचे प्रोग्रॅम डॉट नेटच्या साडेतीन या आवृत्तीवर चालतात. विंडोज १० मध्ये ती असते, पण चालू केलेली नसते; चालू करायला गेलं की तो ती इंटरनेटवरून आणायला निघतो. संगणकात त्याहून नवी, चारच्या पुढची आवृत्ती आधीच बसलेली असते. मोठ्या बाबूंना हे अजिबात समजेना. "चार आहे ना घरी? मंग साडेतीन कायले पायजे?" प्रश्न बिनतोड होता. पण डॉट नेट हा काही धान्याचा पायली-कुडव नव्हे की मोठ्या मापात लहान माप बसावं. ऑपरेटर म्हणाला, "बाबूजी, तुमची पेन्शन जुन्या नियमानं पायजे का नव्या?" बाबूजी गप्प झाले. जुन्या आवृत्तीचं महत्त्व त्यांना इतक्या लवकर कधीच पटलं नव्हतं.

डाउनलोड सुरू झाला. हिरवी पट्टी सरकू लागली.

या पट्टीवर अमेरिकेत ब्रॅड मायर्स नावाच्या माणसाने १९८५ मध्ये एक निबंध वाचला होता. काम किती टक्के झालं हे दिसत राहिलं की माणसाला बरं वाटतं, असा त्याचा एकूण मथितार्थ. मायर्सने दिघोरीत येऊन बघावं. इथे ही पट्टी म्हणजे सार्वजनिक करमणूक आहे. दाखल्यासाठी आलेले चार जण, पोस्टमन, पाणी भरायला आलेली बाई, सगळे खुर्च्या ओढून तिच्यासमोर बसतात. पट्टी चाळीसवर आली की चहा सांगायचा, सत्तरवर प्यायचा. ‘सात मिनिटे बाकी’चं ‘दोन तास बाकी’ झालं की झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक आल्यासारखा हुंकार उठतो. नव्व्याण्णववर सगळे श्वास रोखतात, कारण नव्व्याण्णववर लाईन जाते. नेहमी जाते असं नाही. पण गेलेली तेवढीच लक्षात राहते. यूपीएस टीं-टीं करू लागतो, ऑपरेटर ‘कॅन्सल करू का’ या प्रश्नावर बोट धरून उभा राहतो, आणि बाहेरून कोणीतरी ओरडतो, "का जी, झाला का?"

दुसऱ्या दिवशी डॉट नेट बसलं आणि मुख्य इन्स्टॉलरने १६०३ दिला.

१६०३ हा विंडोजच्या इन्स्टॉलरचा जुना आकडा. त्याचा अर्थ: टाकताना प्राणघातक चूक झाली. कोणती, ते नाही. फोल्डरवर हक्क नसेल, फाईल दुसऱ्याने अडवून ठेवली असेल, तोच प्रोग्रॅम अर्धवट आधीच बसलेला असेल. कारण काहीही असो, कपाळावर १६०३ चाच शिक्का. त्याचा धाकटा भाऊ १६१८. तो सभ्य आहे, निदान ‘आधीचं एक काम सुरू आहे, ते संपू द्या’ एवढं तरी सांगतो. दिघोरीच्या माणसाला हे नवीन नाही. गावात दोन घरांत बकरीवरून भांडण होतं, तेव्हा सगळ्यांना माहीत असतं की भांडण बकरीचं नाही, धुऱ्याचं आहे, आणि धुऱ्याचंही नाही, आजोबांच्या वेळच्या वाटणीचं आहे. पण पोलीस पाटलासमोर दोघंही बकरीच सांगतात. ऑपरेटर म्हणतो, संगणकसुद्धा बकरीच सांगतो. धुरा आपण शोधायचा.

शोधता शोधता त्याची एक पोथीच तयार झाली आहे. दोनशे पानी वही, वर गणपतीचं चित्र. पहिलं पान: ‘राइट क्लिक – रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर. आधी हे. मग रडणे.’ पुढे जावाचं प्रकरण आहे आणि ते सर्वांत करुण आहे. एके काळी डिजिटल सही ब्राउझरमधून करायची तर जावा लागायचं. जानेवारी २०१४ मध्ये जावा ७ चं एक्कावन्नावं अपडेट आलं आणि विना-स्वाक्षरीचे छोटे प्रोग्रॅम त्याने दारातच अडवले. आत यायचं तर त्या साइटचं नाव अपवादांच्या यादीत लिहा म्हणाला. लिहिलं. मग सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने त्या जातीचे प्लगिन घ्यायचंच बंद केलं. कार्यालय फायरफॉक्सकडे गेलं. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सनेही दार लावलं. उरला इंटरनेट एक्सप्लोरर, ज्याला सारं जग हसत होतं आणि ज्याच्याशिवाय कार्यालयाचं पान हलत नव्हतं. १५ जून २०२२ ला तोही निवृत्त झाला. त्याला निरोप समारंभ झाला नाही, पण ऑपरेटरच्या वहीत त्या तारखेला काळ्या शाईची चौकट आहे. या आठ वर्षांत मॉनिटरच्या माथ्यावर चिकटवलेली पुठ्ठ्याची पाटी मात्र तीच राहिली: ‘अपडेट विचारल्यास नाही म्हणावे. आदेशावरून.’ आदेश कोणाचा ते लिहिलेलं नाही, म्हणून सगळे पाळतात.

प्रिंटरवरही एक पान आहे. काही छोट्या लेझर प्रिंटरांना स्वतःची स्मरणशक्तीच नसते. वीज गेली की ते आपण प्रिंटर आहोत हे विसरतात आणि चालू केल्यावर संगणक त्यांना ते पुन्हा शिकवतो. दिवसाला चारदा लाईन जात असेल तर चारदा मुंज. ऑपरेटरने यापुढे फक्त ‘धीर धरणे’ असं लिहिलं आहे.

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी रिमोट लागला. नऊ आकडे फोनवर सांगितले. पलीकडून इंजिनियरचा अदृश्य हात आला आणि माउसचा बाण आपोआप फिरू लागला. मोठे बाबू उठून उभे राहिले. ते मंडईच्या दिवसांत रात्र रात्र दंडार आणि नाटकं बघितलेले गृहस्थ. अंगात आलेलं त्यांना ओळखता येतं. बाण तासभर फिरला, काळ्या खिडक्या उघडल्या-मिटल्या, जुनं काही काढलं, तात्पुरत्या फाईली झाडल्या, ॲंटिव्हायरस झोपवला. एवढं करून प्रोग्रॅम बसला एकदाचा! चहा सांगितला गेला. मग तो उघडला, तर म्हणाला, सर्व्हरशी सुरक्षित संबंध जुळत नाही. डिजिटल सहीचा डोंगल लावला, तर म्हणाला, हे प्रमाणपत्र ग्राह्य नाही. अदृश्य हात क्षणभर थांबला, म्हणाला, "नेटचा प्रॉब्लेम आहे तुमच्याकडे," आणि अंतर्धान पावला.

तिसऱ्या दिवशी नेट बदलून झालं. फोनचा हॉटस्पॉट लावला. डोंगल मागच्या खोबणीत, पुढच्या खोबणीत, ओल्या कपड्याने पुसून, कोरड्या कपड्याने पुसून. तो डोंगल म्हणजे कार्यालयातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा अधिकारी. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा सहीला कागदावरच्या सहीचा मान दिला. तिची गुप्त किल्ली त्या टीचभर वस्तूच्या बाहेर कधीच येत नाही. साहेबांनी तो स्वतःच्या हाताने लावून, स्वतःच पिन टाकून पाहिला. तेच उत्तर. साहेबांना आपलीच सही ग्राह्य नाही हे वाचावं लागलं आणि त्यांनी चष्मा पुसला.

त्या संध्याकाळी मोठे बाबू नेहमीची तक्रार घेऊन आले. काल जपून ठेवलेली फाईल सापडत नाही. ती रोजच सापडत नसे. ऑपरेटर रोजच ती शोधून देई. फोल्डरमध्ये नवी फाईल वर यावी, बाबूजींची नेहमी तळाला जाऊन बसायची. आज वैतागून त्याने नीट पाहिलं. फाईलीपुढे तारीख होती: २ जानेवारी २००९.

"बाबूजी, हे काय?"

"का झाला?"

"तुमचा संगणक २००९ मध्ये आहे."

"टाइम तं बराबर आहे जी. मी रोज लावतो."

आणि इथे धुरा सापडला. संगणकाच्या पोटात एक गोल सेल असतो. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणं एवढंच त्याचं काम. तो संपला की संगणक रोज सकाळी आपल्या जन्मकाळच्या कुठल्या तरी १ जानेवारीला जागा होतो, मध्यरात्री. मोठे बाबू शिस्तीचे. कार्यालयात आल्यावर मनगटावरचं घड्याळ बघून ते संगणकाची वेळ लावत. फक्त वेळ. तारीख कशाला लावायची? ती तर भिंतीवर कालनिर्णयात आहेच. आणि पडद्याच्या तळाची पट्टी छोटी ठेवलेली असल्यामुळे कोपऱ्यात नुसती वेळच दिसायची, तारीख नाही. ही जागरूक सेवा किती महिने चालली होती ते देव जाणे. त्या सेवेमुळेच कोणाला काही कळलं नव्हतं. घड्याळ सरळ मध्यरात्र दाखवत राहिलं असतं तर पहिल्याच दिवशी कोणी ना कोणी विचारलं असतं. (फाईलीवर २ तारीख का, असंही ऑपरेटरने विचारलं. आदल्या रात्री बाबूजी संगणक बंद करायला विसरले होते, एवढंच.)

आता सर्व्हरचं बरोबर होतं आणि सहीचंही. प्रत्येक सुरक्षित साइटच्या आणि प्रत्येक डिजिटल सहीच्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. २००९ मध्ये बसलेल्या संगणकापुढे साहेबांची आजची सही ठेवली तर तो म्हणणारच, ही अजून जन्मलेली नाही. त्याने तसं स्पष्ट म्हटलं असतं तर तीन दिवस वाचले असते. पण तो बकरीवरच बोलत राहिला.

सेलचं नाव सीआर २०३२. नावातच माप आहे: व्यास वीस मिलिमीटर, जाडी ३.२. तो मागवायचा तर मागणीपत्र, तीन दरपत्रकं, मंजुरी. ऑपरेटर आठवडी बाजारात घड्याळवाल्याकडे गेला. तोच सेल. घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावूनच विचारलं, "कोनाच्या घड्याळीचा?"

"संगणकाच्या."

"संगनकाले घड्याळ रायते?"

"रायते जी. आतमंदी."

"मंग बाहेर कोनाले दिसते तो?" असं म्हणून त्याने तीस रुपये घेतले आणि पट्टा फुकट पाहून देऊ का विचारलं.

सेल बसला, तारीख लागली, प्रोग्रॅम उघडला, साहेबांची सही जन्माला आली. संध्याकाळी दुसऱ्या टेबलावर तोवर वेगळीच रांग लागली होती. ई-पीक पाहणीची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवर करायची, त्यासाठी ॲप टाकायचं. पुढच्याच खरिपाला त्याची दुसरी आवृत्ती आली: जुनं काढा, नवं टाका. कार्यालयात जे १६०३ होतं ते आता प्रत्येकाच्या खिशात गेलं. एका आजोबांच्या फोनमध्ये जागाच नव्हती. ऑपरेटरने पाहिलं, वडशाच्या मंडळीचं एक झाडीपट्टी नाटक, अख्खं, कोणीतरी पाठवलेलं, फोनच्या पोटात सुस्त पडलं होतं.

"बाबा, नाटक काढावा लागते."

आजोबांनी फोन हातातून काढून घेतला. "धान लिवला नाई तं का होते?"

"नुकसान झाला तं भरपाई भेटाले अडचन होते जी."

आजोबांनी बराच विचार केला. मग नाटक तसंच ठेवून ते म्हणाले, "पोराच्या फोनात टाक." एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद होते, त्यामुळे हे नियमात बसलं. नाटकही वाचलं, धानही.

पण तीस रुपयांचं काय? ते खर्ची टाकायचे होते. मोठ्या बाबूंनी आपल्या हातांनी व्हाउचर टाइप केलं, कृतिदेवात: ‘संगणकाचे घड्याळ दुरुस्ती, रु. ३०.’ महिन्याभराने तपासणीत त्यावर हरकत निघाली. ‘संगणकाचे घड्याळ’ या नावाची वस्तू कार्यालयाच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत आढळून येत नाही. तरी नसलेल्या वस्तूची दुरुस्ती कशी केली याचा खुलासा करावा. भिंतीवर एक घड्याळ होतं आणि ते नोंदवहीत होतं. पण ते दोन वर्षांपासून बंद होतं, आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च कोणी टाकलेला नव्हता, म्हणून त्यावर हरकत नव्हती.

खुलासा लिहायला बाबूजींना दीड दिवस लागला. घड्याळ स्वतंत्र वस्तू नसून संगणकाच्या अंतर्गत आहे. दुरुस्ती नसून सेल बदलला आहे. जुना सेल निकामी झाल्याने काढला आहे. स्थळ म्हणून वर उजव्या कोपऱ्यात त्यांनी गावाचं नाव हाणलं. प्रश्नचिन्हाची कळ त्यांच्या बोटाखाली दणक्यात वाजली आणि पेपरवेट इंचभर सरकला. मग त्यांनी ड्रॉवर उघडून पेनांच्या डबीत जपून ठेवलेला तो जुना सेल काढला, खुलाशाच्या डाव्या समासात सेलोटेपने चिकटवला, आणि अर्धा टेपवर अर्धा कागदावर येईल असा कार्यालयाचा गोल शिक्का मारला. खाली पेनाने लिहिलं, ‘सोबत : एक.’